खुर्ची मागे ओढणाऱ्या बाई

फरशीवर खुर्चीचे पाय घासल्याचा आवाज आला की आम्ही ओळखायचो, आता समोरच्या माणसाची पंचाईत होणार. तो साहेब असो, डॉक्टर असो, बँकेचा मॅनेजर असो, नाहीतर माझ्यासारखा बाप असो. शेजारी बसलेल्या माणसाविषयीचा प्रश्न त्याने बाईंना विचारला की बाई उत्तर देत नसत. बसल्या जागी दोन्ही हातांनी खुर्ची धरून ती हातभर मागे ओढत. ज्याच्याविषयी प्रश्न होता तो पुढे राही, बाई मागे. "मले काहून विचारता? तो बसला आहे न समोर," एवढे म्हणून त्या चष्मा काढून पदराने पुसायला लागत. उत्तर आल्याशिवाय तो चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढत नसे.

रायपुरात त्यांना ओळखणारे पुष्कळ आहेत, निदान त्या गेल्यापासून पुष्कळ झाले आहेत. सगळे त्यांना दीदी म्हणत, मी बाई म्हणत असे. त्यांचे घराणे नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथल्या तात्यापारा वस्तीत रुजलेले, तर आम्हाला वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीने इकडे आणलेले. या फरकावरून त्यांनी मला जन्मभर 'पाहुणे' म्हणून टोमणे मारले. त्यांच्या शोकसभेत मी जे ऐकले त्यातले निम्मे चूक होते आणि उरलेले अर्धवट बरोबर होते, जे चुकीपेक्षा वाईट. माझे वय पाहून लोक मला बोलताना अडवत नाहीत. ते फक्त ऐकत नाहीत. म्हणून लिहायला बसलो आहे.

पहिली दुरुस्ती ममतेविषयी. शोकसभेत एका वक्त्याने त्यांना 'ममता की मूर्ति' म्हटले आणि लोकांनी माना डोलावल्या. तुमच्यापैकी ज्यांनी बाईंना केंद्रात काम करताना पाहिले असेल त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावे, की ही बाई कोणाच्या डोक्यावरून हात फिरवताना दिसली होती काय? ज्यांना पूर्वी सर्रास मतिमंद म्हणत (बाईंसमोर हा शब्द उच्चारणारा तो दुसऱ्यांदा उच्चारत नसे), अशा मोठ्या वयाच्या माणसांसाठी त्यांनी तात्यापाऱ्यात दुकानांच्या वरच्या मजल्यावर दिवसाचे केंद्र काढले. तिथे येणाऱ्यांवर त्या रागावत, त्यांच्याशी भांडत, आणि चुकले तर त्यांची माफी मागत. आपण बरोबरीच्या माणसाशी वागतो तशा. ममता म्हणायचे तर म्हणा, पण मग शब्दकोश बदलून घ्या.

माझी मुलगी नंदा तेव्हा पंचविशीत होती. तिला बोलायला वेळ लागतो, हिशेब जमत नाही, नवी जागा सोसत नाही. तिला घेऊन मी प्रथम केंद्रात गेलो, तेव्हा बाईंनी तिला विचारले की तुला इथे काय करायला आवडेल. मी सांगू लागलो की तिला चित्रे रंगवायला आवडतात. खुर्ची घासल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बाई मागे सरकल्या, चष्मा पुसू लागल्या. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाक येऊन गेली, दुसऱ्याची आली. शेवटी नंदा म्हणाली, "चहा."

मी म्हटले, तिला चहा हवा आहे.

"नाही," नंदा म्हणाली, "मी करते."

घरात आम्ही तिला शेगडीच्या जवळ जाऊ देत नव्हतो. बाईंनी दुसऱ्याच दिवसापासून जाऊ दिले. महिन्याभरात तिचा हात भाजला आणि मी केंद्राचे जिने चढून भांडायला गेलो. रेल्वेच्या कायदा खात्यात आयुष्य काढलेला माणूस आहे मी. निष्काळजीपणाची व्याख्या मला तोंडपाठ होती. ती मी म्हणून दाखवली. बाईंनी पूर्ण ऐकून घेतली.

"वहिनींचा हात कधी भाजला नाही का, पाहुणे?"

भाजला असेल, मी म्हटले.

"मग त्यांचा भाजला त स्वयंपाक, अन् इचा भाजला त गुन्हा?"

नंदा बर्नॉल लावलेला हात घेऊन मागेच उभी होती. ती हसली. लोक आता सांगतात की त्या दिवशी मी हरलो. मी हरलो नव्हतो. मी घरी गेलो आणि आमच्या मंडळींना, म्हणजे नंदाच्या आईला, सांगितले की उद्यापासून सकाळचा चहा नंदा करील. हरलेला माणूस असे हुकूम सोडत नाही.

दुसरी दुरुस्ती अशी, की बाईंना सरकारदरबारी मान होता असे सांगितले जाते. मान नव्हता, धास्ती होती. केंद्रात येणारा गुढियारी वस्तीतला दिलीप, ज्याचे वडील मालधक्क्यावर हमाली करत, त्याचे बँकेत खाते उघडायचे होते. मॅनेजर सज्जन होता; तो बाईंना म्हणाला, "दीदी, ये बच्चे तो भगवान का रूप हैं, पर साइन तो पिताजी ही करेंगे न?" बाईंची खुर्ची मागे गेली.

"ये बच्चा चालीस के ऊपर है, साहब। रोज़ दाढ़ी बनाता है। भगवान को रहने दीजिए, इससे पूछिए।"

मॅनेजरने विचारले. दिलीपने सही येत नाही म्हणून सांगितले, अंगठा येतो म्हणून सांगितले, आणि पासबुक कोणाकडे राहील हे आपणहून विचारले. मी तिथे होतो. खाते त्या दिवशी उघडले नाही, पुढे अनेक खेपा झाल्या. शोकसभेतल्या गोष्टीत मात्र ते एका बैठकीत उघडते आणि मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी येते. कोणाच्याही डोळ्यांत पाणी आले नव्हते. बाईंच्या चपला झिजल्या, तेवढे खरे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

अशा मुलांच्या आईबापांना एकच प्रश्न पडतो: आमच्यानंतर काय? आमची मंडळी गेली तेव्हा तो प्रश्न माझ्या उशाशी येऊन बसला. बाईंचे उत्तर होते समता कॉलोनीतले एक भाड्याचे घर. आजूबाजूला दवाखाने, किराणा, शिवणकामाचे दुकान. आणि मध्ये केंद्रातल्या चौघी बायका, मदतीला एक ताई. नंदा तिथे राहायला गेली. सुरुवातीला शेजारच्या माताजींनी कॉलोनीतल्या लोकांना गोळा केले, की अशा बायका इथे नकोत, घरात लहान मुले आहेत. मी कायद्याची भाषा बोलत होतो. बाईंनी नंदाला सांगितले की माताजींना चहाला बोलाव. माताजी आल्या नाहीत. तेव्हा नंदा कप घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली, रोज संध्याकाळी, कप थंड होईपर्यंत. एके दिवशी दार उघडले. आता माताजींचे गुडघे गेले आहेत आणि नंदाचा कप आला नाही तर त्या भिंतीवर काठी वाजवतात.

केंद्राची एक समिती आहे. तिचे अध्यक्ष राइस मिलचे मालक, मनाने वाईट नाहीत. शहराबाहेर, धानाच्या शेतांपलीकडे, त्यांनी मोठी जमीन दिली. तिथे सगळ्यांना कायमचे राहता येईल अशी इमारत व्हावी, भोवती भिंत, फाटकावर पहारेकरी, आत स्वयंपाकी आणि नर्स. मग समता कॉलोनीचे घर सोडून द्यावे, असा त्यांचा बेत. पुष्कळ आईबापांना तो पटला. त्यांना मी दोष देत नाही, कारण उशाशी बसलेला तो प्रश्न मला ठाऊक आहे. बाईंना पटला नाही. "भिंत कोणासाठी बांधून राहिले तुम्ही?" असे त्या दर बैठकीत विचारत, आणि बेत पुढे ढकलला जाई.

मग बाईंना अर्धांगाचा झटका आला. डावे अंग गेले, वाचा गेली. समज पूर्ण शाबूत होती; हे मी डॉक्टरच्या शब्दावर नव्हे, माझ्या अनुभवावर सांगतो. मी त्यांना भेटायला गेलो आणि राज्यातल्या कारभारावर एक चुकीचे विधान मुद्दाम केले. त्यांनी भुवई अशी चढवली की मी ते मागे घेतले.

शेवटच्या बैठकीला त्यांना चाकाच्या खुर्चीत आणले होते. सोबत त्यांचा भाचा. केंद्राची ती वरची खोली तुम्हाला आठवत असेल: मोठे टेबल, आणि बाईंच्या जागेपाशी फरशीवर खुर्ची ओढून ओढून पडलेले दोन लांब ओरखडे. नंदा आणि दिलीप भिंतीशी बाकावर बसले होते. अध्यक्षांनी इमारतीचा नकाशा टेबलावर पसरला आणि अत्यंत आदराने विचारले, की दीदींना हे मान्य आहे ना. विचारले मात्र भाच्याला.

"बुआ को क्या आपत्ति होगी," भाचा म्हणाला.

तुम्ही हे लक्षात घ्यावे. जिने आयुष्यभर कोणाच्या वतीने उत्तर दिले नाही, तिच्या वतीने तिच्यासमोर उत्तर दिले जात होते. मी म्हणालो, "त्यांनाच विचारा." तेव्हा अध्यक्ष बाईंकडे वळले आणि मोठ्या आवाजात, बहिऱ्या माणसाशी बोलावे तसे, म्हणाले, "दीदी, मंज़ूर है न?"

बाईंनी उजव्या हाताने चाक धरले आणि मागे ढकलले. एकाच हाताचा जोर, त्यामुळे खुर्ची सरळ मागे न जाता तिरकी झाली आणि कपाटाला टेकली. त्यांचे तोंड बाकाकडे झाले, नंदा आणि दिलीप बसले होते तिकडे. मग त्यांचा हात चष्म्याकडे गेला. एका हाताने तो काढता आला, पुसता येईना. नंदा उठली. तिने चष्मा घेतला, ओढणीने पुसला, आणि त्यांच्या डोळ्यांवर न चढवता हातात धरून उभी राहिली.

भाचा म्हणाला, "थक गई हैं।" अध्यक्ष म्हणाले, "दीदी पीछे हट गईं। उनका विरोध नहीं रहा।" आणि चहा आला.

मी उभा राहून बोललो. त्या मागे हटलेल्या नाहीत, त्या विचारायला सांगत आहेत, बाकावर बसले आहेत त्यांना विचारा. कोणीतरी माझा हात धरून म्हणाले, "काका, भावना में मत आइए।" मी भावनेत नव्हतो. मी साक्ष देत होतो. त्या खोलीत असा एकही माणूस नव्हता ज्याच्यासमोर ती खुर्ची कधीतरी मागे गेली नव्हती. सगळ्यांना त्या हालचालीचा अर्थ पाठ होता, आणि त्या दिवशी सगळे विसरले. यानंतर पावसाळा सरायच्या आत बाई गेल्या.

शोकसभेत त्यांचा मोठा फोटो ठेवला होता, सगळ्यांच्या पुढे, मधोमध. इतकी पुढे मी त्यांना कधी बसलेली पाहिली नव्हती. त्यांच्या केंद्रातली माणसे शेवटच्या रांगेत होती. त्यांच्यापैकी कोणालाही बोलायला सांगितले नाही. नव्या इमारतीला बाईंचे नाव देण्याचे जाहीर झाले. ही त्यांची अंतिम इच्छा होती असेही सांगण्यात आले. ती त्यांची इच्छा नव्हती, अंतिम नव्हती, पहिली नव्हती, मधली नव्हती.

गेल्या आठवड्यात समता कॉलोनीचे घर सोडण्याविषयी बैठक झाली. त्याच खोलीत. भाड्याच्या घराचे काय, एवढाच विषय होता. बाकी सारे ठरल्यासारखे होते. नंदाला मी सोबत नेले आणि माझ्या शेजारी टेबलाशी बसवले. बाईंची जागा रिकामी होती, कोणी बसत नव्हते. मी तिथे बसलो. काहींना ते आवडले नाही असे दिसले.

अध्यक्षांनी इतर आईबापांना विचारले. सगळ्यांनी होकार दिला. मग ते माझ्याकडे वळले. "काका, आपकी उम्र हो गई है। नंदा बिटिया को तो भेजेंगे न?"

मला ऐंशी उलटली आहेत आणि माझी कंबर पूर्वीसारखी नाही. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि मागे ओढली. ती बरोबर त्या दोन ओरखड्यांवरून गेली. आवाज तोच आला. काही जणांनी माना वर केल्या, भिंतीशी बाकावर बसलेला दिलीप ताठ झाला.

"मुझसे नहीं," मी म्हणालो.

अध्यक्षांना नंदाकडे वळावे लागले. त्यांनी विचारले, बरे विचारले, आवाज न चढवता. नंदाने टेबलावर पसरलेल्या इमारतीच्या नकाशाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. कोणी खाकरले, कोणी मोबाइल पाहिला. माझ्या जिभेवर उत्तर तयार होते, पण ते माझे होते.

"बाजू में कौन रहेगा?" नंदाने विचारले.

अध्यक्षांना प्रश्न कळला नाही. तिने तो पुन्हा विचारला. बाजूला कोण राहणार. त्यांनी नकाशावर बोट ठेवले. तिथे भिंत होती, भिंतीपलीकडे शेत. ते स्वयंपाक्याविषयी सांगू लागले, नर्सविषयी सांगू लागले, बागेविषयी सांगू लागले. नंदा ऐकत राहिली. "नहीं," ती म्हणाली, "बाजू में।"

बैठक निर्णयाविना उठली. पुढची होईल. घर राहील की जाईल हे मला ठाऊक नाही, आणि जो कोणी ते ठाऊक असल्याचे सांगतो तो खोटे बोलतो. पुढच्या बैठकीला मी असेन, त्याच्या पुढच्याला कदाचित नसेन. तेव्हा त्या जागी कोण बसेल, आणि बसलेल्याला मागे सरकायचे सुचेल काय, हा आता माझ्या उशाशी बसलेला प्रश्न आहे.

पण त्या दिवशी, उठण्यापूर्वी, अध्यक्षांनी सवयीने एकदा माझ्याकडे पाहिले. नंदाच्या प्रश्नाचे काय करावे ते मी सांगावे, अशा नजरेने. मी चष्मा काढला होता. काचा स्वच्छच होत्या. मी त्या धोतराच्या सोग्याने पुसत राहिलो.