घरचा डॉक्टर

लहबीब अकरा वर्षांचा असताना जहाजात बसून क्युबाला शिकायला गेला, आणि डॉक्टर होऊन छावणीत परतला तेव्हा सव्वीस वर्षांचा बाप्या झाला होता. मधल्या काळात घरी येणं एकदाही झालं नाही. तिंदुफच्या निर्वासित छावण्यांतली कितीतरी सहरावी, म्हणजे पश्चिम सहारातली, पोरं अशीच गेली. ज्यांचा देशच दुसऱ्याच्या ताब्यात, ज्यांनी दगडधोंड्यांच्या वाळवंटात तंबू ठोकून दिवस काढायचे, त्यांनी पोरं शिकवायची तरी कुठं? क्युबानं फुकट शिकवलं, खाऊपिऊ घातलं, माया केली. उपकारच ते. पण ट्रकमधून उतरलेल्या दाढीमिशांच्या घोळक्यात आपला कोणता, हे त्याच्या आईला, तेस्लेमला, ओळखता येईना, तेव्हा त्या उपकाराची किंमत कळली.

हसानिया, म्हणजे घरची बोली, तो विसरला नव्हता. पण त्याच्याकडे होती ती अकरा वर्षांच्या पोराची. शेळी पळाली, मला झोप आली, हे फर्मास यायचं. कळ कुठून उठते, अंगावरून किती जातं, हे विचारायला शब्दच नव्हते. ते सगळं स्पॅनिशमध्ये. छावणीच्या शाळेत स्पॅनिश शिकलेली धाकटी बहीण नानाहा दवाखान्यात शेजारी बसून दुभाष्याचं काम करायची. ती नसली की मग बायकांची करमणूक.

"पोटात बाऊ झालाय का, असं विचारतो मला!" शेजारची झहरा म्हातारी पदरात तोंड लपवून हसायची. "तेस्लेम, तुझा डॉक्टर अजून अंगावर पितोय गं!"

"पिऊ दे. तुझा ताप उतरवला ना त्यानं?" तेस्लेम म्हणायची. लेकाच्या कौतुकात तिचे दिवस जात होते. तरी ती वाळत चालली होती. लहबीबनं विचारलं की म्हणायची, "गुडघे दुखतात रे."

एका दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर नानाहानं दार लोटून घेतलं.

"आईच्या छातीत गाठ आहे. खजुराएवढी. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला."

"मी डॉक्टर आहे, नानाहा!"

"आधी तू तिचा मुलगा आहेस. हे बघ, गुरुवारी पलीकडच्या छावणीतली डॉक्टरीणबाई येते. मी आईला गोडीगुलाबीनं तिच्याकडे नेते. तू काही ऐकलंच नाहीस. कळलं?"

त्यानं मान डोलावली. चार दिवसांचाच प्रश्न होता. पण हवानाच्या इस्पितळात त्यानं अशा गाठी पाहिल्या होत्या; कुठली कापून निघते आणि कुठली माणूस घेऊन जाते, हे त्याला पाठ होतं. तिथं बायका डॉक्टरसमोर न लाजता बटणं सोडायच्या, कुणाला त्यात काही वाटायचं नाही. नानाहाची पाठ वळली आणि याचा धीर सुटला. तो तडक घरी निघाला.

तंबूत चहाचा दुसरा पेला फिरत होता. झहरा होती, आणखी दोन शेजारणी होत्या, आणि आईचा थोरला भाऊ बशीरमामा टेकून बसला होता. मामासमोर तेस्लेम अजून डोक्यावरचं वस्त्र सरकू द्यायची नाही. लहबीब चपलांसकट आत आला. तोंडात आले ते लहानपणचेच शब्द.

"आई, दुदू दाखव. दुदूत बाऊ आहे."

हसलं कुणीच नाही. मामानं पेला खाली ठेवला आणि तो उठून बाहेर गेला. ऊठसूट खिदळणाऱ्या झहरानंसुद्धा चेहऱ्यावर वस्त्र ओढलं. शेजारणी उठून निघाल्या. तेस्लेमनं लेकाकडे पाहिलं, आणि चहाचं तबक आवरायला घेतलं.

गुरुवारी डॉक्टरीणबाई आली. तेस्लेमनं तिला चहा पाजला, अत्तर लावलं आणि तशीच परत पाठवली. "मला काही झालेलं नाही. माझ्या मुलाला ऊन लागलं होतं." आता तपासून घेतलं, तर लेकानं मामासमोर आईची अब्रू काढली हे खरं ठरलं असतं. तिला ते खोटंच ठेवायचं होतं, त्याच्यासाठी. क्युबानं पोराची लाज घालवली असं कुणी म्हणू नये, म्हणून ती बाई जिवावर उदार झाली. असल्या मायेचा राग येतो, पण करणार काय?

लहबीब तिच्या पाया पडला. नानाहाच्या तोंडून, स्वतःच्या तोडक्या बोलीत, रडून, ओरडून, सगळे उपाय झाले.

"तू मला काही बोललाच नाहीस, बाळा," ती म्हणायची. "मी काही ऐकलंच नाही."

थंडी सुरू झाली आणि तिनं अंथरूण धरलं. वेदनाशामक गोळ्या नानाहाच्या हातून, गुडघ्यांच्या म्हणून, ती घ्यायची. एके सकाळी तिनं त्याला जवळ बोलावलं. लहानपणी निजवायची तसं त्याचं डोकं ओढून स्वतःच्या छातीवर ठेवलं. ओढताना तिचा श्वास कळवळून अडकला, पण हात सैल पडला नाही. कापडाखाली त्याच्या गालाला दगडासारखं कठीण लागलं, थेट काखेपर्यंत पसरलेलं. इतके महिने जे त्याला तपासू दिलं नव्हतं, ते त्याच्या गालानं तपासलं. किती दिवस उरलेत, तेही कळलं.

त्यानं डोकं उचललं नाही. पोराला झोप लागली असं समजून ती त्याच्या पाठीवर थोपटत राहिली.