घंटा थांबल्यावर

पडदा वर जातो, तेव्हा समोर एकच माणूस: पांढरा गणवेश, खांद्यावरून लाल पट्टा, हात पितळी मुठीवर. मागे विधानसभेचं उंच दार. हा माझा शेजारी. आम्ही नाटकवाले त्याला लाडानं ‘भालदार’ म्हणायचो. काम एवढंच, की मतदानाची घंटा वाजतेय तोवर दार उघडं, थांबली की बंद. मग मंत्री येवो, नाही तर मंत्र्याचा बाप.

तेव्हाचं सरकार बहुमताशिवाय, अपक्षांच्या टेकूवर उभं होतं. आजारी आमदारांना चाकाच्या खुर्चीत घालून आणायचे. मतं समसमान पडली, की अध्यक्ष आपलं मत सरकारच्या पारड्यात टाकायचे.

“रोज मरतंय, रोज उठतंय,” भालदार सांगायचा.

“अगदी माझ्यासारखं!” त्याची बायको हसायची. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. गल्लीच्या टोकाला सरकारी दवाखाना होता, तिथल्या डायलिसिसवर ती तगून होती. विरोधकांनी उघडच सांगितलं होतं, सत्ता आली की असले दवाखाने बंद.

अर्थसंकल्पाच्या मतदानादिवशी डबा देताना ती म्हणाली, “अहो, आज तरी दार जरा सैल धरा.”

थट्टाच ती. पण घंटा थांबली, भालदारानं दार ओढलं, आणि व्हरांड्यातून एक अपक्ष धावत येताना दिसला. सरकारच्या बाजूचा, चपला हातात घेतलेला. उभ्या जन्मात पहिल्यांदा भालदाराचा हात थबकला. अपक्ष आत शिरला. दार लागलं.

आणि त्यानं विरोधात मत दिलं. आदल्या दिवशीच फिरला होता म्हणे. तो बाहेर राहिला असता तर मतं समसमान पडली असती.

सरकार पडलं, दवाखान्याला कुलूप लागलं. भालदाराला कुणी जाब विचारला नाही, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यानं फक्त बायकोला सांगितलं, आणि पुढे मला. ती म्हणाली होती, “असू दे. धावत येणाऱ्याच्या तोंडावर दार कोण लावतं?” लांबच्या दवाखान्याच्या खेपा तिला झेपल्या नाहीत. पावसाळ्याआधीच गेली.

त्यानंतर भालदार भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. शेवटचा भेटलो, तेव्हा निघताना मी उंबऱ्यात थांबलो.

“दार लावून घेऊ?”

“लावा, दादा. कुणी धावत येतंय का, ते बघत बसू नका.”