खेकड्याचं लिहिलेलं नाही

वारंगा फाट्यावर मी ज्यांच्याकडून फवारणीची औषधं घेतो, ते गृहस्थ बाटली देण्याआधी तिच्यासोबतचं पत्रक उलगडतात. चष्मा कपाळावर सरकवून, ओळीखाली बोट धरून अख्खं वाचतात. गिऱ्हाईक ताटकळलं तरी त्यांचं बोट घाई करत नाही.

सोयाबीनवर अळी पडली तेव्हा त्यांनी विचारलं, "वावराच्या कडेला काय हाय?"

"वढा हाय. खेकडे असतात त्यात."

"यात मासोळीचं लिवलंय. खेकड्याचं न्हाई."

"मग चालतंय की."

"मासोळी जेवढं सोसते, त्याच्या दहाव्या हिश्शातच खेकडा मरतो, असं धरा. वढ्याकडच्या दहा ओळी सोडून फवारा."

"काहून?"

"माहीत न्हाई म्हणून."

अळी कडेलाच जास्त होती. मी थेट ओढ्यापर्यंत फवारलं.

पंधरा दिवसांनी गेलो, तर औषधाचा गुण आला का, हे त्यांनी विचारलंच नाही. "खेकडे हायेत का?" एवढंच म्हणाले.

मी ओढ्यात बघितलंच नव्हतं. तसं सांगितलं. ते माझ्यासाठी काढलेल्या नव्या बाटलीचं पत्रक उलगडून वाचत बसले.

खेकड्याचं त्यातही काही नव्हतं.