काही न विचारायची खुर्ची

नाताळ हा सण नसून दर डिसेंबरात येणारी साथ आहे आणि साथीत माणसानं जपून राहायचं असतं, असं मानणारी ख्रिस्ती बाई अख्ख्या दुनियेत एकच असेल, आणि ती आमच्या शेजारी राहते. छावणीतल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे मावशी म्हणतात. उभा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून गेल्यामुळे मावशींना समोरच्याचे आधी डोळे दिसतात, मग माणूस. डिसेंबर लागला की त्यांची तपासणीची फेरी सुरू होते. मी वैजापूरहून बदलून इथं राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला फाटकात अडवून माझी खालची पापणी ओढून बघितली. "झोप लागती का नीट?" मी म्हणालो, लागते. "मग डोळं असं का? जेवताना मोबाईल बघता व्हय?" तोवर मी त्यांना माझं नावसुद्धा सांगितलेलं नव्हतं.

"सणात माणसं लई आजारी पडत्यात," हे त्यांचं निदान. आजार पोटाचा नव्हे, मनाचा. "एरवी कुणी उदास असलं तर त्याला कुणी काय म्हणत नाय. सणात उदास असलं की लोक रुसत्यात त्याच्यावर. मग ते बिचारं दिसभर हसायच्या कामाला लागतं."

यावर त्यांचा पहिला उपाय म्हणजे गाळणं. दरवर्षी नाताळाच्या धबडग्यातलं एक काम गाळायचं आणि चारचौघांत जाहीर करून गाळायचं, म्हणजे मागाहून मन खात नाही. एका वर्षी अनारसे गाळले. एका वर्षी भिंतींचा रंग. एका वर्षी तर पैठणच्या थोरल्या जावेलाच गाळलं. फोन करून स्वच्छ सांगितलं, "बाई, औंदा तुम्ही आलात की माझं डोकं दुखंल. फेब्रुवारीत या, निवांत बोलू." जाऊबाई खरंच फेब्रुवारीत आल्या, भरपूर राहिल्या, आणि निघताना दोघी फाटकात गळ्यात पडून रडल्या.

दुसरा उपाय उन्हाचा. सकाळी ओट्यावर ऊन खात हरभऱ्याचे ढाळे सोलायचे. सोलता सोलता बोललेलं चालतं, गप्प बसलेलंही चालतं. व्हिडिओ कॉल मात्र चालत नाही, कारण "तोंड दिसलं की दोन्हीकडच्यांना हसावं लागतं." नाताळाच्या आदल्या दुपारी सगळ्या गल्लीत तळणाचा वास आणि आरडाओरडा, आणि मावशींच्या दारावर चिकटवलेला कागद: आत माणूस झोपलं आहे, नाताळ संध्याकाळी येईल.

पण त्यांचा खरा शोध खुर्चीचा. ओट्याच्या कोपऱ्यात एक वेताची खुर्ची असते. घरात कितीही पाहुणे असोत, घरोघर नाताळची गाणी, म्हणजे कॅरल, गाणारी मंडळी दारात उभी असो, ज्याला आनंदात राहणं जमत नसेल त्यानं खुशाल उठून त्या खुर्चीत बसायचं. तिथं बसलेल्याला कुणी काही विचारायचं नाही. शेजारच्या स्टुलावर चहा आणि एक करंजी ठेवायची आणि निघून यायचं, बस्स. पहिल्या वर्षी मी या प्रकाराला पोटभर हसलो. पुढच्या वर्षी दिवाळीच्या महिनाभर आधी माझे वडील गेले. अख्खी दिवाळी लोक मला सांगत राहिले, सणाचे दिवस आहेत, मन रमव. मी मन रमवून रमवून थकून गेलो. डिसेंबरात मावशींच्या घरी शेव खाता खाता एकाएकी घास उतरेना. उठलो आणि खुर्चीत जाऊन बसलो. चहा आला, करंजी आली, प्रश्न आला नाही. किती वेळ रडलो ते आठवत नाही, पण त्यानंतर, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच, मला सपाटून भूक लागली हे पक्कं आठवतं.

मावशींचे यजमान, आमचे काका, एसटीत मेकॅनिक होते. कॅरलच्या फेरीत ढोलकी त्यांची आणि दारावर कागदी चांदणी लावायचं कामही त्यांचं. एसटीची मोडकी गाडी ताळ्यावर आणणाऱ्या या माणसाला चांदणी काही कधी सरळ लावता आली नाही. ती डावीकडे कलायचीच. मावशी खालून ओरडायच्या आणि काका शिडीवरून म्हणायचे, "ऱ्हाऊ दे गं, वाऱ्यानं सरळ व्हईल." गेल्या वर्षी पावसाळ्यात काका गेले.

डिसेंबरात मी नेहमीसारखं विचारलं, "मावशी, यंदा काय गाळलं?"

"काय बी नाय. समदं करायचं. माणूस गेलं अन् घर बसलं, असं नको व्हायला."

नानकटाईचं पीठ भाजून आणायला त्या बेकरीच्या भट्टीवर निघाल्या, तेव्हा डबे धरायला मी सोबत गेलो. भट्टीवाले चाचा डब्यांकडे बघतच राहिले. "सिस्टर, हर साल तो आप कुछ ना कुछ कम करते. इस साल सब डबल?" मावशी नुसत्या हसल्या. ते हसू मला अजिबात आवडलं नाही. उन्हात बसणं बंद झालं, दुपारची झोप बंद झाली, आणि नाशिकच्या मुलीला रोज तोंड दाखवून फोन सुरू झाला.

मुलगी आली तीच आईला खूश ठेवायचं ठरवून. आल्याआल्या तिनं वेताची खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवली. "नकोच ती यंदा," मला हळूच म्हणाली. "आई एकदा बसली तर खचेल." तिनं हे निव्वळ मायेनं केलं होतं, त्यामुळे मीही खुर्ची वरच राहू दिली.

कॅरलच्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलं. मावशी हसतमुखानं ताटल्या वाढत होत्या. मध्येच ओट्यावर आल्या, कोपऱ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं पुन्हा आल्या. "आई, काय शोधतेस?" मुलीनं विचारलं.

"काय नाय. चांदणी बघत व्हते."

चांदणी त्या वर्षी जावयानं लावली होती, अगदी सरळ. मावशी रिकाम्या कोपऱ्यात भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. इतकी वर्षं ज्या बाईनं गल्लीभरच्या दुःखाला बसायला जागा दिली, तिला स्वतःच्या घरात टेकायला जागा नव्हती. मी गच्चीवर गेलो, बाहीनं धूळ पुसून खुर्ची खाली आणली आणि जागेवर ठेवली. मावशी बसल्या. मुलगी धावत बाहेर आली, तोंड उघडलं आणि मिटलं. नियम तिलाही लहानपणापासून पाठ होता. आत जाऊन तिनं चहा आणि करंजी आणली, स्टुलावर ठेवली आणि मागे वळून न बघता निघून गेली.

तेवढ्यात फाटकात कॅरल सुरू झाली. मावशी पदर तोंडाशी धरून रडत राहिल्या. गाणाऱ्यांनी गाणं थांबवलं नाही, फक्त ढोलकीवाल्यानं हात हलका केला. बऱ्याच वेळानं मावशींनी निवलेला चहा तसाच घेतला आणि करंजीचा तुकडा मोडला. "गोड लई झाली," म्हणाल्या. "पुढल्या साली करंज्या गाळू."

यंदा चांदणी लावायचं काम माझ्याकडे आलं. परवा शिडीवर चढून, दोरीनं माप घेऊन मी ती सरळ लावली. खाली मावशी त्याच खुर्चीत उन्हाला बसून ढाळे सोलत होत्या. कितीतरी वेळ त्या वर बघत राहिल्या.

"भाऊ, लई सरळ बसली. जरा डावीकडं कलती करा की."

मी केली. "आता वाकडी दिसते, मावशी."

"दिसू द्या," त्या म्हणाल्या. "वाऱ्यानं सरळ व्हईल."

मी शिडीवरून उतरलो आणि काही न विचारता त्यांच्या शेजारी ढाळे सोलायला बसलो.