न काढलेला कोपरा

“कोट्यातला असला तरी हात चांगला आहे हो याचा.”

आमच्या आर्किटेक्ट फर्मचे मालक, म्हणजे सर, हे आठ जणांसमोर बोलले. बाणेरच्या प्लॉटवर, मे महिन्यात, दुपारी चार वाजता. काचेची इमारत उभी करण्याआधी तिच्या एका खोलीचा खऱ्या मापाचा नमुना आम्ही तिथे बांधला होता. पश्चिमेला काच. काचेपुढे काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीपेक्षा जरा जास्त वळलेली. चारची वेळ मीच ठरवली होती. ऊन थेट तोंडावर असताना क्लायंट मॅडमना आत बसवायचं, म्हणजे वाद घालावाच लागत नाही.

मॅडम दहा मिनिटं आत बसल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, “उजेड आहे आणि ऊन नाही. कोणाची कल्पना?”

“माझीच,” सर म्हणाले. “हा रेघा मारतो.” आणि त्याला जोडून ते कोट्याचं वाक्य.

सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या बोलण्यापेक्षा माझं ते हसणं मला जास्त जाळतं.

कोटा माझा हक्क होता, कोणाची मेहेरबानी नव्हती. पाच वर्षं मी त्याच वर्गात बसलो, त्याच परीक्षा दिल्या. आणि त्या पट्ट्यांचे कोन मला कॉलेजने शिकवले नाहीत. माझे वडील मार्केट यार्डात हमाल. गाळ्याची सावली सरकली की ते भाकरी उचलून तिच्यामागे सरकायचे. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर. ऊन कधी कुठे पोचतं, हे मी तिथे पाठ केलं. बाणेरला बांबू रोवून दोन महिने दुपारच्या सावल्या मोजल्या. वहीत तारखेसकट लिहिल्या. सर तेव्हा कर्वेनगरच्या एसी ऑफिसात होते.

त्या ऑफिसात सगळे एकमेकांना आडनावाने हाक मारत. कुलकर्णी, देशपांडे, शहा. मलाच फक्त पहिल्या नावाने, आणि ‘अरे’. पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, “कार्डावर आडनाव नको टाकूस. क्लायंटला उगाच प्रश्न पडतात.” मी मान डोलावली. अकरा वर्षं डोलावली. मी सौदे करणारा माणूस आहे. पगारासाठी भांडलो, सुट्टीसाठी भांडलो, टेबल खिडकीजवळ हवं म्हणून भांडलो. नावासाठी एकदाही नाही.

बाणेरहून परत आलो आणि बसवेना. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. त्यात ‘डिझाइन’पुढे सरांचं नाव आणि ‘रेखन’पुढे माझी दोन आद्याक्षरं. मी ‘डिझाइन’पुढचं नाव खोडलं. माझं पूर्ण नाव टाकलं. आडनावासकट. प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी चष्मा वर केला. “हे काय?”

“पट्ट्या मी काढल्या. माझं नाव आहे.”

“वा! मग आता इमारतीलाच तुझं आडनाव देऊ या का?”

“इमारतीला तुमचं द्या, सर. ड्रॉइंगवर माझं राहू द्या.”

“अरे, केबिन देतो तुला. पण हे आडनाव काढ. बाहेर तुझ्यासारखे तीस जण उभे आहेत.”

“बोलवा त्यांना. कोन विचारा.”

सरांनी कागद फाडला. मी बॅग उचलली, माझ्या वह्या घेतल्या आणि जिना उतरलो. भीती होती, खोटं कशाला बोलू.

आता बिबवेवाडीत एका हार्डवेअरच्या दुकानावर माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. बाणेरची इमारत सरांच्या नावाने तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली आणि तिथेच अडकली. पश्चिमेची भिंत आणि दक्षिणेची भिंत जिथे भेटतात, तिथे पट्ट्या एकमेकींवर आदळतात. तो कोपरा मला अजून काढायचाच होता. तो माझ्या डोक्यात होता, तिथेच राहिला.

परवा सरांचा फोन आला. पहिल्यांदाच ‘अहो’.

“अहो, जरा येऊन जा. शेवटी आपलीच इमारत आहे.”

“चौकटीत कोणाचं नाव आहे?”

“ते सोडा हो. फी बोला. तुम्ही म्हणाल ती.”

“डिझाइनपुढे माझं पूर्ण नाव. साइटच्या बोर्डावरही तेच. आणि ज्या आठ जणांसमोर बोललात, त्यांच्यासमोर सांगायचं की पट्ट्या कोणी काढल्या.”

“एवढं ताणू नका.”

मी फोन ठेवला.

तेव्हापासून येरझाऱ्या घालतोय. ते मुंबईहून कोणाला तरी आणतील. तो कोपरा कसातरी बुजवतील, वर काच लावतील, फीत कापतील. जमेल त्यांना. मला माहीत आहे. तरीही काल वह्यांच्या पानांच्या प्रती काढल्या, तारखा दिसतील अशा, आणि मॅडमना पाठवल्या. सोबत त्या तीन अटी लिहून माझ्या सहीचं पत्र. सरांना त्याची नक्कल.

घासाघीस मी भल्याभल्यांशी केली आहे आणि वेळ पडली तेव्हा खालीही आलो आहे. या तीन अटींतला एक शब्दही कमी होणार नाही. कोपरा अडला तर अडू दे.