काकूंनी आपला बैल सोडून नेला
मागच्या आठवड्यात गावाकडं, रानात उभ्या उभ्या, माझी अन् माझ्या दोस्ताची चांगलीच जिरली...

मी होसूरला एका कंपनीत पॅकिंगला आहे. शिक्षण आठवीपर्यंत, तेही रडतखडत. हरभरा पेरायला सुट्टी काढून सास्तूरकडं आलो, तर रूम पार्टनर सुहासही सोबत निघाला. तो कळंबचा, इंजिनिअर, घरचे सगळे नोकरीवाले.

आमचं दोघांचं रोज वाजतं. त्याला 'इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम'चं वेड लागलंय... म्हणजे मनाला वाटेल तिथं मदत करायची नाही, जिथं जास्तीत जास्त भलं होईल तिथंच करायची. मी युनियनवाला, समाजवादी. माझं म्हणणं, एक देणारा अन् एक घेणारा असं असावंच कशाला? सगळं मिळून असलं की कुणाला हात पसरावा लागत नाही. तो मला कॉम्रेड म्हणून चिडवतो, मी त्याला दानशूर म्हणतो.

तर आमच्याकडं एकच बैल. शेजारच्या शांताकाकूंकडंही एकच. म्हणून दोन्ही घरांची सावड... दोन बैलांची जोडी करायची अन् दोन्ही रानं पाळीपाळीनं पेरायची. काका ढोकीकडं ऊसतोडीला गेलेत, काकू एकट्याच. यंदा पहिली पाळी आमची होती.

सुहासनं आईला विचारून विचारून सगळी माहिती काढली. मग मला म्हणाला, "तुमचं रान काळं, ओल आठवडाभर हलत नाही. काकूंचं माळाचं, दोन दिवसांत वाळेल. आधी त्यांचं पेर."

मी म्हणालो, "पाळी म्हणजे पाळी. नियम सगळ्यांना सारखा." खरं सांगू का... एकेका रानाला दोन दिवस लागतात, अन् माझ्या सुट्टीचे दोनच दिवस उरले होते. म्हणून नियम जरा जास्तच आवडत होता.

सकाळी काकू आपला बैल घेऊन आमच्या रानात आल्या, दोन्ही बैल जुंपले. तेवढ्यात सुहास थेट काकूंपुढं जाऊन उभा. "काकू, मदतीची सगळ्यात जास्त गरज तुम्हाला आहे. आम्ही आधी तुम्हाला मदत करतो."

काकूंनी त्याला खालून वरपर्यंत बघितलं. "मदत? म्या तुज्या दारात आले व्हते का रं बाबा?" अन् जुवाखालून आपला बैल सोडला. "माजं रान वाळलं तर वाळू दे." निघाल्या घराकडं...

पेरणीची तिफण जागच्या जागी. आमचा एकटा बैल उभा, आमच्याकडं बघत. सुहास हळूच म्हणाला, "आता रे?"

तवा डोक्यात उजेड पडला. ज्यांना तो घेणाऱ्या समजत होता, त्यांच्याकडंच निम्मी जोडी होती. अन् मी समानतेच्या गप्पा मारत, त्यांचं रान वाळतंय हे बघायलासुद्धा तयार नव्हतो.

आई काकूंच्या मागं गेली. आम्हीही खाली मान घालून बांधावरून निघालो. आईनं मदत हा शब्दच काढला नाही. "शांता, तुजा बैल न्हाय तर माजी तिफण हलंल का गं? सावड आपल्या दोघींची हाय. ह्ये पोरं कोण ठरवणार? तूच सांग, आदी कुणाचं धरायचं?"

काकूंनी आपल्या माळाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "माजं धरा. माळ हाय, थांबत न्हाय. पर तुमचं सरल्याबिगर म्या जोडी मोडत न्हाय, आक्का." अन् सुहासकडं वळून, "ह्या मदतवाल्याला लावा तिफणीमागं. बघू किती गरज भागवतोय!"

आई फिस्सकन हसली, मग आम्ही सगळेच...

दोन दिवसांत काकूंचं रान झालं. सुहासच्या दोन्ही हातांना फोड. आमचं रान तसंच सोडून मी गाडीत बसलो... आई एकटी काय करणार, ह्याच घोरात.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. काकू दोन्ही दिवस उजाडायच्या आत बैल घेऊन हजर. तिफण काकूंनी हाकली, बी सोडायला चाड्यावर मूठ आईनं धरली. हरभरा पडला.

सुहासचं गणित बरोबर होतं. माझं म्हणणंही खोटं नव्हतं. पण काकूंना काय पाहिजे, हे आम्हा दोघांपैकी एकानंही त्यांना विचारलं नव्हतं... काकू, तुम्हाला न विचारताच तुमचं ठरवायला निघालो होतो. तरी तुम्ही राग धरला नाहीत. लई आभार.