वरचा कप्पा, खालचा कप्पा

स्टाफरूममधले किस्से कुणी जमवत नाही, टेबलावरच्या चहाच्या डागांसारखे ते आपोआप साठत जातात. आमच्या हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या कॉलेजातले बहुतेक डाग राव सरांचे. सर इंग्रजीचे हेड, स्वतःला अस्सल हैदराबादी म्हणवणारे. मी टेंपररी लेक्चरर. सर नुसते खाकरले तरी माझ्या हातातला खडू पडायचा.

*

सरांना इंग्रज लेखकांचा संशय होता. स्टाफरूमच्या कपाटात दोन कप्पे. वर अस्सल इंग्रज, खाली ज्यांचा बाप किंवा आजा आयर्लंडचा. वरच्या कप्प्यात अगदी टोकाला सरांनी स्वतः लिहिलेलं व्याकरणाचं गाईड. "बघत राहा," सर म्हणाले, "एकेक उघडा पडतोय."

*

एकदा मी वर्गात त्या कादंबरीकार बहिणी शिकवत होते. इंग्लंडचं माळरान, इंग्लंडचा वारा, छान रंगात आले होते. मागच्या बाकावरून आवाज आला, "आणि वडील कुठले?"

सर कधी येऊन बसले, कळलंच नाही. बहिणी त्याच दुपारी खाली गेल्या.

*

मग एक विचारवंत. परंपरा कशी जपावी हे इंग्रजांना जन्मभर समजावून सांगणारा. तोही डब्लिनचा निघाला!

"बाहेरून आलेलेच घर इतकं जपतात," सर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्याकडेच का?

*

त्या वर्षी गल्लोगल्ली कम्प्युटरचे क्लास निघाले, लिटरेचरला पोरं मिळेनात. पर्मनंट जागा एकच उरली. नेमकं तेव्हाच सर रोज डबा उघडताना विचारू लागले, "आजोबा मूळचे कुठले म्हणालात?"

इथल्याच गौलीगुड्यात आमच्या तीन पिढ्या झाल्या, पण घरी मराठी. मी एक दिवस "परभणी" म्हणायचे, दुसऱ्या दिवशी घाबरून "इथलेच."

उर्दू शिकवणाऱ्या सईदा आपा हसायच्या. "अगे, तेरेकू बी नीचे के खाने में रखते, देख."

*

इंटरव्ह्यूत कॉलेजचे सेक्रेटरी सरांना म्हणाले, "ये तो महाराष्ट्र के लोगां. शादी हुई की पुना. पर्मनंट कायकू देना?"

सरांकडे बघायची हिंमत होईना.

"तीन पिढ्या तपासल्यात मी," सर म्हणाले. "जाणारी माणसं नाहीत ही."

"और आप के दादा कां के, सर?" सेक्रेटरींनी हसत विचारलं.

सर चष्मा पुसत राहिले.

सोमवारी पर्मनंटची ऑर्डर हातात पडली. वर्गावर जायचं म्हणून मी कपाट उघडलं. वरच्या कप्प्याचं टोक रिकामं होतं. सरांचं गाईड खाली, त्या बहिणींना टेकून उभं होतं.